दिवाणाखालचं गाव आणि पोळपाटावरची गाडी

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं सदर नेहमी वाचते, लिहितेय मात्र पहिल्यांदाच. फेब्रुवारीत माझा धाकटा भाऊ घाटात गाडी उलटून गेला. गाडीत वहिनी आणि त्यांची मुलगीही होती. पोरीचा हात मोडला होता, तो जुळला. वहिनीच्या पायाची दोन ऑपरेशनं झाली, ती अजून वॉकर घेऊन चालते आणि माहेरी आहे. भाची शाळेसाठी माझ्याकडे असते. सहावीत आहे, अकरा पूर्ण.

तिने आमच्या दिवाणाखाली एक गाव केलंय. चपलांच्या खोक्यांची घरं, काडेपेट्यांची दुकानं, गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांची चकचकीत छपरं. गावाला नाव आहे, पण ते मला सांगितलेलं नाही. तिथे चाकं नाहीत. एक गाडी नाही, सायकल नाही, हातगाडीसुद्धा नाही. माणसं होडीने जातात, नाहीतर दोरीवरच्या टोपलीतून. रोज काहीतरी नवं होतं. मागच्या आठवड्यात पोस्ट ऑफिस झालं, मग एक म्हातारी राहायला आली. पोर तासन्‌तास तिथेच. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "तिला या नादातून बाहेर काढा, वास्तवात आणा." सासूबाई म्हणतात, बाहेरचं काही असेल, दृष्ट काढू. गेल्या रविवारी साफसफाईत यांनी अर्धं गाव उचलून भंगारवाल्याला दिलं. पोर रडली नाही, पण दोन दिवस धड जेवली नाही. उरलेलं गाव तिने आता पार आत, भिंतीला लावून मांडलंय.

शाळेत जाते, मार्क थोडे घसरलेत. एक बरं आहे, संध्याकाळी नॉर्मल मुलांसारखी गाडीशी खेळते. पोळपाट भिंतीला तिरका लावते, वरून लाल गाडी सोडते, उलटली की उचलते, परत सोडते. अर्धा तास तरी चालतं. तेवढं बघून जिवाला बरं वाटतं.

तर हे गाव मोडावं का? आणि दरवर्षी दिवाळीत ती बापासोबत किल्ला करायची. यंदा वर्षाच्या आत सण नाही, म्हणून किल्लाही नको असं घरात चाललंय. काय करू?

जाता जाता एक. मीही रोज रात्री एका वहीत भावाशी बोलते. माझं मी लिहिते, मग त्याचं उत्तरही मीच लिहिते. वहीत तो गेलेला नाही, त्याची लांब कुठेतरी बदली झालीय. आम्ही सगळं बोलतो, फक्त तो दिवस सोडून. त्या दिवशी ते माझ्याकडेच येत होते. वहीचं कुणालाच माहीत नाही. मला वेड लागतंय का? वहिनीला दाखवू का ती?

— एक आत्या, सातारा जिल्हा

ताई, सस्नेह नमस्कार.

गाव मोडू नका. हे आधी सांगून टाकते, म्हणजे बाकीचं वाचून होईपर्यंत कुणी पुन्हा केरसुणी घेऊन दिवाणाखाली वाकायला नको.

तुमच्या पत्रातली जी ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली, ती पोळपाटाची. तुम्हाला गावाची भीती वाटते आणि गाडीच्या खेळाने बरं वाटतं. मला हे नेमकं उलटं दिसतं. गावात रोज काही घडतंय. पोस्ट उघडलं, म्हातारी आली, मोडतोड झाली तर गावाने जागा बदलली. पोळपाटावर मात्र रोज तेच. गाडी सुटते, उलटते, परत वर जाते. तिथे कुणी धावत येत नाही, कुणी वाचत नाही, कुणी रडतही नाही. घाण्याच्या बैलासारखा तो खेळ तिथल्या तिथे फिरतोय.

मुलांच्या अशा खेळाचा नीट अभ्यास झालेला आहे. १५ जुलै १९७६ ला कॅलिफोर्नियातल्या चाउचिला गावात शाळेच्या बसमधून २६ मुलं आणि त्यांचा ड्रायव्हर यांना पळवून नेलं. एका खाणीत पुरून ठेवलेल्या मोठ्या ट्रकच्या डब्यात त्यांना कोंडलं. सुमारे १६ तासांनी ड्रायव्हर आणि मुलं स्वतःच वाट काढून बाहेर आली. जीव कुणाचाच गेला नव्हता, त्यामुळे मोठ्यांना वाटलं, सुटलो. लेनोर टेर या बालमानसोपचारतज्ज्ञ काही महिन्यांनी त्या मुलांना भेटल्या, आणि चार-पाच वर्षांनी पुन्हा भेटल्या. त्यांनी जे टिपलं ते असं: जबर आघात झालेलं मूल त्या प्रसंगाचाच खेळ खेळतं, पण त्या खेळात मजा नसते. चेहरा गंभीर, क्रम ठरलेला, शेवटही ठरलेला. खेळून मन हलकं होत नाही, उलट कधी कधी भीती वाढते. आणि आपला खेळ कशाचा आहे, हे बहुतेकदा त्या मुलाच्या लक्षातही आलेलं नसतं.

म्हणजे तुमची भाची पोळपाटापाशी बसते तेव्हा ती त्या घाटात असते, आणि एकटी असते.

तो खेळ बंद मात्र करू नका. पोळपाट उचलून ठेवलात तर ती गाडी वहीवरून सोडेल. तिच्याजवळ जमिनीवर बसा. हातात गवारी नाहीतर मेथी निवडायला घ्या, म्हणजे तिच्याकडे टक लावून बघणं होणार नाही. सुरुवातीला काही बोलू नका. तुमच्या बसण्याची तिला सवय झाली की जे दिसतं तेवढंच म्हणा, "गाडी उलटली." बस. ती काही बोलली तर ऐका, नाही बोलली तर भाजी निवडा. पुढे केव्हातरी विचारा, "आता कोण येतं?" ती "कुणी नाही" म्हणाली तर "बरं" म्हणा. आणि एखाद्या दिवशी तिने काडेपेटीतलं एखादं माणूस आणून तिथे ठेवलंच, तर ते कोण आहे हे तिला ठरवू द्या. तुम्ही आपणहून ॲम्ब्युलन्स आणू नका, गाडी सरळ करून "बघ, काही नाही झालं" असं तर अजिबात म्हणू नका. झालंय, आणि ते तिच्याइतकं कुणालाच माहीत नाही. खेळताना ती पांढरीफटक पडली, धाप लागली, हाक मारून ऐकत नाही असं वाटलं तर खेळ तिथेच थांबवा. पाणी द्या, खिडकीशी आणा, समोर काय काय दिसतंय ते तिला मोठ्याने सांगायला लावा.

हे मी तुमच्यापुरतं सांगितलं, पण हे काम तुमच्या एकटीवर टाकायचं नाही. सात महिने होत आले आणि खेळ अडकलेला आहे, एवढं कारण तज्ज्ञाकडे जायला पुरे. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा, मुलांसोबत काम करणारं कुणी आहे का ते विचारा. कुठून सुरुवात करावी कळेना तर १४४१६ ला फोन लावा. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे, २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. आघातानंतर मुलांसाठी जी उपचारपद्धत सगळ्यात जास्त तपासून पाहिली गेली आहे, तिच्यात साधारण १२ ते १६ बैठका होतात. मूल त्या दिवसाची गोष्ट थोडी थोडी करून, चित्रं काढून, लिहून, एखाद्या पुस्तकासारखी रचतं. शेजारी माणूस असतं, घाई नसते, आणि गोष्ट उलटलेल्या गाडीपाशी संपत नाही. दवाखाना येतो, प्लास्टर येतं, आत्याचं घर येतं. आज तिच्या मनात त्या गोष्टीचं पहिलंच पान आहे.

डॉक्टरांकडे जाण्याआधी काही गोष्टी टिपून ठेवा. झोप कशी लागते, दचकून उठते का. हॉर्न ऐकून काय करते. शाळेत चालत जाते की रिक्षाने, आणि रिक्षात कुठल्या बाजूला बसते. तिचा मोडलेला हात अजून दुखतो असं म्हणते का. आणि "मला पप्पांकडे जायचंय" अशा अर्थाचं काही बोलली, स्वतःला इजा केलेली दिसली, तर टिपत बसायचं नाही, त्याच दिवशी जायचं.

आता गावाकडे येते.

अकरा वर्षांच्या मुलीला मरण म्हणजे काय ते कळतं. पप्पा परत येणार नाहीत हे तिला माहीत आहे, आणि दिवाणाखालचं गाव खोटं-खोटं आहे हेही माहीत आहे. तुम्ही तिला विचारलंत तर ती तुमच्याकडे जरा कीव येऊन बघेल. तुमच्या शिक्षिकाबाईंना वाटतं ती वास्तवापासून पळतेय. मला त्या गावात वास्तवाशी झगडणारी एक पोर दिसते. चाकांनी तिच्या घराचं काय केलं ते तिने पाहिलं, आणि तिने चाकांवाचून चालणारं गाव उभं केलं. नुसती चाकं काढून ती थांबली नाही. मग लोक जाणार कसे, याचा विचार केला, होड्या आणल्या, दोऱ्या बांधल्या. पत्रं पोचली पाहिजेत म्हणून पोस्ट केलं. ज्या दिवशी तिच्या हातात काहीच नव्हतं, त्या दिवसानंतर तिने अशी एक जागा केली जिथले नियम ती ठरवते. आघाताने माणसाचं पहिलं जातं ते हेच, काहीतरी आपल्या हातात आहे ही भावना.

"एवढी मोठी झाली आणि भातुकली काय खेळते" असं कुणी म्हणालं तर त्यांना हॉवर्थच्या ब्राँटे भावंडांची गोष्ट सांगा. इंग्लंडमधल्या यॉर्कशरात हे गाव आहे, आणि यातल्या तिघी बहिणी पुढे नावाजलेल्या कादंबरीकार झाल्या. १८२१ मध्ये त्या मुलांची आई गेली आणि मावशी येऊन राहिली, ती कायमचीच. १८२५ मध्ये दोन मोठ्या बहिणी काही आठवड्यांच्या अंतराने गेल्या. उरली चौघं, सगळी दहा वर्षांच्या आतली. १८२६ च्या जून महिन्यात वडिलांनी भावासाठी लाकडी शिपायांचा संच आणला. चौघांनी एकेक शिपाई उचलला, त्याला नाव दिलं, आणि तिथून देश, राजधान्या, लढाया, वर्तमानपत्रं असं सगळं जग उभं राहिलं. शिपायांना वाचता यावीत म्हणून त्यांनी काडेपेटीएवढी पुस्तकं केली, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेली. ती आजही जपून ठेवलेली आहेत. धाकट्या दोघी, एमिली आणि ॲन, यांनी पुढे आपला वेगळा देश काढला, गोंडाल. १८४५ च्या उन्हाळ्यात दोघी यॉर्कला फिरायला गेल्या तेव्हा वाटभर त्या गोंडालची माणसं होऊन बोलत होत्या. एमिली तेव्हा २६ वर्षांची होती, ॲन २५ ची. एमिलीने स्वतः लिहून ठेवलंय हे. थोरली शार्लट मात्र तेविशीच्या सुमारास आपल्या काल्पनिक देशाचा निरोप घेऊन लिखाणात पुढे गेली. कुणी केव्हा बाहेर यायचं, हे प्रत्येकीने आपलं आपण ठरवलं.

एवढंच सांगून थांबले तर ते अर्धसत्य होईल. ज्याच्यासाठी ते शिपाई आणले तो भाऊ, ब्रॅनवेल, त्याच खेळात वाढला आणि दारू-अफूत बुडून १८४८ मध्ये गेला. नुसतं कल्पनेचं जग माणसाला पुरत नाही. शेजारी कुणीतरी लागतं.

आणि शेजारी असणाऱ्याने काय करावं, यासाठी माझ्यासमोर नेहमी एक बाई असते. फ्रीडल डिकर-ब्रँडाइस. जन्म विएन्नाचा, शिक्षण जर्मनीतल्या बाउहाउस कलाशाळेत. १९४२ च्या डिसेंबरात नाझींनी तिला टेरेझीनच्या बंदिस्त वस्तीत नेलं. ती जागा आजच्या चेक प्रजासत्ताकात आहे. तिथे आईबापांपासून वेगळ्या ठेवलेल्या मुलांना ती चित्रकला शिकवायची. कागद म्हणजे कचेरीतले पाठकोरे फॉर्म, रद्दी, पुठ्ठा. तिची शिकवण्याची तऱ्हा अशी की मोठ्यांनी मुलाला आपला रस्ता दाखवायचा नाही, त्याला त्याचा सापडू द्यायचा. मुलांना ती चित्रावर आपलं नाव घालायला लावायची, आणि हे अशा जागी, जिथे माणसाचा नंबर झालेला होता. मुलांनी काय काढलं? घरं, बागा, फुलपाखरं, जेवणाची मांडलेली टेबलं. १९४४ च्या ऑक्टोबरात फ्रीडलला ऑशविट्झच्या मृत्युछावणीत पाठवून मारलं. त्या मुलांपैकीही बहुतेक गेली. दोन सुटकेसमध्ये भरून ठेवलेली सुमारे ४,५०० चित्रं मागे राहिली, ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. चित्रांनी त्या मुलांना वाचवलं असं कुणी म्हणू नये. पण जे दिवस त्यांना मिळाले, त्यातले काही तास ती मुलं स्वतःची होती, एवढं त्या चित्रांत स्पष्ट दिसतं.

तर तुम्ही फ्रीडलसारखं वागा. गावाचं नाव विचारू नका, सांगावंसं वाटेल तेव्हा ती सांगेल. खोकी, दोरा, फेविकॉल, जुनी कॅलेंडरं एका पिशवीत घालून दिवाणापाशी ठेवून द्या, काही न बोलता. महागाचा क्राफ्टचा सेट आणू नका, त्याच्यासोबत "आता काहीतरी छान कर" हा हुकूम येतो. "किती सुंदर!" म्हणू नका, "ही होडी कुठे चाललीय?" असं विचारा. फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकू नका, शाळेच्या प्रदर्शनात मांडायची गोष्ट काढू नका. आणि तिने काही काळं रंगवलं म्हणून घाबरू नका. काळा रंग म्हणजे दुःख, लाल म्हणजे राग, असल्या ठोकताळ्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. पुष्कळदा मुलाच्या हाताशी तेवढाच खडू उरलेला असतो.

सासूबाईंना दृष्ट काढू द्या. मीठ-मोहरी ओवाळल्याने पोरीचं काही वाईट होत नाही, आजीचा हात चेहऱ्यावरून फिरतो हे चांगलंच. मात्र "बाहेरचं काही आहे" हे शब्द तिच्या कानावर पडता कामा नयेत, आणि देवऋषाची पायरी चढायची नाही.

यजमानांचं काय करायचं ते तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. त्यांनी तिची माफी मागावी. त्यांच्या मनात वाईट नव्हतं हे मी धरून चालते, पण जिचं एक घर फेब्रुवारीत मोडलं, तिचं दुसरं त्यांनी रविवारी मोडलं. "मी विचारायला हवं होतं, मला माफ कर, यापुढे दिवाणाखाली कुणी हात घालणार नाही." एवढं खाली बसून, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन म्हणायचं. नवीन खेळणं देऊन नाही, समजावणी घालून नाही. "अगं, केवढा पसारा झाला होता" हे शेपूट तर मुळीच नको.

आणि त्यांना चंडीगढच्या नेक चंद यांची गोष्ट सांगा, पुरुषांना कधी कधी अशी गोष्ट जास्त पटते. फाळणीत गाव सुटलेला हा माणूस, गाव पाकिस्तानात गेलेलं. चंडीगढमध्ये सरकारी बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक म्हणून नोकरी. नवं शहर वसवायला आसपासची खेडी पाडली जात होती. त्यांचा मलबा, फुटक्या बांगड्या, फुटक्या कपबश्या हा माणूस सायकलवरून उचलून आणायचा आणि जिथे बांधकामाला बंदी होती अशा सरकारी जंगलात रात्री-अपरात्री माणसं, प्राणी, ओहोळ, दरबार असं एक राज्य मांडत बसायचा. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून जवळजवळ अठरा वर्षं हे कुणाला कळलं नाही. कळलं तेव्हा ते कित्येक एकर पसरलं होतं, आणि कायद्याने ते पाडायलाच हवं होतं. पाडलं नाही. १९७६ मध्ये ते लोकांसाठी खुलं केलं, त्यालाच पगार देऊन त्याच कामावर ठेवलं, हाताखाली मजूर दिले. रॉक गार्डन म्हणतात ते हेच. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तुमच्या घरातल्या भंगाराचं पद्मश्री होईल असं मला म्हणायचं नाही. कुणाच्या तरी हातात ते पाडायचं की राखायचं हे होतं आणि त्या माणसाने राखलं, ते यजमानांपर्यंत पोचलं म्हणजे झालं.

किल्ल्याचं. वर्षाच्या आत सण करत नाहीत ते ठीक आहे. आकाशकंदील नको, फराळ नको, नवे कपडे नकोत. पण किल्ला हा सण नाही, त्याला ना पूजा लागते ना मुहूर्त. माती, दगड, पोत्याचे तुकडे आणि वर पेरलेले हळीव. वडीलधाऱ्यांना हे असंच समजावून सांगा. मात्र तिला "चल, किल्ला करू" असं तुम्ही होऊन म्हणू नका. बापाशिवायचा पहिला किल्ला आहे तो, कदाचित यंदा तिला त्याच्याकडे बघवणारही नाही. अंगणात एका कोपऱ्यात मातीचं पोतं आणून ठेवा. तिने हात लावला तर लावला. न लावला तर मातीत कुंड्या भरा.

शिक्षिकाबाईंना भेटा. वाद घालू नका. उपचार सुरू करतोय एवढं सांगा, आणि त्यांच्याकडून दोनच गोष्टी मागा: वर्गात तिला अपघाताबद्दल कुणासमोर विचारायचं नाही, आणि रस्ता सुरक्षा सप्ताहात अपघातांचे व्हिडिओ दाखवायचे असतील तर आधी तुम्हाला कळवायचं.

वहिनीबद्दल तुम्ही पत्रात फार कमी लिहिलंय. त्या गाडीत काय झालं ते जाणणारी जगात आता दोनच माणसं आहेत, आणि ती दोन वेगवेगळ्या घरांत आहेत. पोरीच्या उपचारांत आईला घ्यावंच लागेल, डॉक्टरही तेच म्हणतील. वहिनीची स्वतःची झोप, तिची भीती, तेही कुणीतरी विचारायला हवं. सगळे तिच्या पायाचंच विचारत असणार.

आता तुमची वही.

तुम्हाला वेड लागलेलं नाही. तुम्ही लिहिता तेव्हा दोन्ही बाजूंनी लेखणी आपलीच आहे हे तुम्हाला ठाऊक असतं, पत्रातच लिहिलंय तुम्ही. पूर्वी मानसशास्त्रात असा समज होता की दुःख ओसरायचं तर गेलेल्या माणसापासून मन सोडवून घ्यावं लागतं. १९९६ मध्ये डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन या अभ्यासकांनी हे खोडून काढलं. नातं तुटत नाही, ते रूप बदलून राहतं, आणि त्यात आजार असं काही नाही, हे त्यांनी मांडलं. आपल्याकडे पितृपक्षात पान वाढणाऱ्या कुठल्याही बाईने हे त्यांना आधीच सांगितलं असतं.

पण भाचीच्या खेळाकडे जसं बघितलं तसंच वहीकडेही बघू या. जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८६ पासून यावर प्रयोग केले आहेत. लोकांना लागोपाठ तीन-चार दिवस, रोज १५-२० मिनिटं, मनाला लागलेल्या गोष्टीबद्दल लिहायला सांगायचं. पुष्कळांना त्याचा उपयोग झाला. पुढे त्यांनी लिहिलेला मजकूर तपासला तेव्हा दिसलं की ज्यांच्या लिहिण्यात दिवसागणिक "म्हणून", "त्यामुळे", "आता कळतंय" असे शब्द वाढत गेले, त्यांना जास्त फायदा झाला. ज्यांची गोष्ट पहिल्या दिवशी होती तशीच राहिली, त्यांना कमी.

तुमच्या वहीत भाऊ बदलीच्या गावी आहे, तुम्ही सगळं बोलता, फक्त तो दिवस सोडून. आणि त्या दिवशी ते तुमच्याकडे येत होते. हे वाक्य तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, दोन वाक्यांच्या मधे घालून दिलंत. सात महिने ते तुमच्या छातीवर बसलेलं आहे असं मला वाटतं. तुम्ही बोलावलं होतं म्हणून ते निघाले, असं तुम्ही स्वतःला रोज सांगत असाल, आणि भावाला मात्र एकदाही विचारलं नसेल. ताई, बहिणीने भावाला घरी बोलावणं हा गुन्हा नाही. घाट, रस्ता, वेग, पाऊस, समोरून येणारा ट्रक, जे काही असेल ते तुमच्या बोलावण्यात नव्हतं. पण हे मी सांगून तुम्हाला पटणार नाही, ते तुम्हाला वहीतच मिळवावं लागेल.

म्हणून एखाद्या दिवशी, रात्री नको, दुपारी, घरात कुणीतरी असताना, वहीत लिहा: "तू त्या दिवशी माझ्याकडे येत होतास." त्याचं उत्तर घाईने लिहू नका. तो लगेच "जाऊ दे गं" म्हणाला तर ते तुम्ही त्याच्या तोंडी घातलेलं असेल. रागावू द्या त्याला, तुम्हीही रागवा. लिहिताना हात थरथरला, रडू आवरेना झालं तर वही मिटून उठा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. आणि रात्र रात्र झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, वहीशिवाय कुणाशी बोलावंसंच वाटत नसेल, तर भाचीसाठी १४४१६ ला लावाल त्याच फोनवर स्वतःचंही सांगा.

वही वहिनीला आत्ता दाखवू नका. त्यात तिचा नवरा जिवंत आहे, आणि ती अजून वॉकर घेऊन चालतेय. तिला तो धक्का पेलेल की नाही, हे तुम्हाला आज सांगता येणार नाही. पण वही लिहिता हे तोंडी सांगायला हरकत नाही. रविवारी भाचीला घेऊन जाल तेव्हा पोरीला आजीपाशी सोडा आणि वहिनीला एवढंच म्हणा, "मी त्याच्याशी वहीत बोलते." ती काय म्हणते बघा. कदाचित ती गप्प बसेल. कदाचित तिच्याकडेही असं काही असेल, फोनमधल्या जुन्या मेसेजना उत्तरं देणं, त्याच्या शर्टाला इस्त्री करून ठेवणं. ते तिने सांगितलं तर मधे बोलू नका.

डॉक्टरांची वेळ घ्यायला मात्र रविवारपर्यंत थांबू नका. पहिल्या भेटीला जाताना लाल गाडी आणि पोळपाट सोबत न्यायचे का, हे भाचीलाच विचारा. गाव घरीच राहू द्या. काय झालं ते मला कळवा, मी वाट बघते.